वाणात मिळालेली कंपनी

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भर मे महिन्यात काळा ब्लेझर घालून भाजीला जायच्या. खाली फुलाफुलांची साडी, हातात मेथी डोकावणारी पिशवी आणि वर ब्लेझर. मुलुंडच्या उन्हात बघणाऱ्यालाच घाम फुटायचा. कोथिंबीरवाल्याने सुरुवातीला त्यांना वकीलबाई समजून भावाबद्दल तोंडच उघडलं नाही. मग एक दिवस वहिनींनी त्याला विचारलं, "भाऊ, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?" तो म्हणाला, "इथेच, ताई. म्युनिसिपालिटीने गाडी उचलली नाही तर." त्या दिवसापासून घासाघीस पुन्हा सुरू झाली.

ब्लेझर हा त्यांच्या कंपनीचा नियम होता. कंपनीच्या नावात तीन इंग्रजी शब्द होते आणि तिन्हींचा अर्थ साधारण पैसा असाच होता. विमा, म्युच्युअल फंड, म्हातारपणाची सोय असं बरंच काही ती विकायची. पण खरी गंमत पुढे होती. फी भरून आपण सभासद व्हायचं, आपल्याखाली दोघांना आणायचं, एक डाव्या बाजूला, एक उजव्या, त्यांनी त्यांच्याखाली आणखी दोघांना आणायचं, आणि खालच्यांच्या फीतला वाटा वर झिरपत राहायचा. पाणी खालून वर चढणारी एवढी एकच योजना मी पाहिली. आमच्या बिल्डिंगला तर तिसऱ्या मजल्यावर नळाचं पाणीही धड चढत नव्हतं.

वहिनींचा पहिला सभासद म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना सगळे दादा म्हणायचे. भांडुपच्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस दिवसभर हॉलमध्ये बसून लसूण सोलायचा, पेपर वाचायचा आणि बोलायचा नाही. एका दुपारी ते जेवून आडवे झालेले असताना त्यांच्या फोनवर ओटीपी आला. ते उठले तेव्हा कंपनीचे अधिकृत आर्थिक सल्लागार झाले होते. "दादा माझ्या डाव्या बाजूला आहेत," असं वहिनी अभिमानाने सांगायच्या, आणि दादा लसणीची पाकळी तशीच धरून आपण कुठे आहोत ते बघायचे.

माणसांचे वहिनींनी तीन प्रकार केले होते. कंपनीने ते इंग्रजीत शिकवले होते, वहिनींनी त्यांना आंघोळीच्या पाण्याचे शब्द दिले: गरम, कोमट आणि गार. गरम म्हणजे आज सही करणारा. कोमट म्हणजे चहा पाजून, पाठपुरावा करून होणारा. गार म्हणजे ज्याला सणासुदीला फक्त मेसेज पाठवायचा. "नाही म्हणजे अजून हो म्हटलेलं नाही," हे त्यांचं एक वचन. दुसरं त्याहून आवडतं: "विचार करायला वेळ दिला की माणूस गेला."

कंपनीने स्वप्नांची चित्रं फ्रीजवर चिकटवायला सांगितली होती. इतर सभासदांच्या फ्रीजवर म्हणे परदेशी गाड्या होत्या, समुद्रकाठचे बंगले होते. वहिनींच्या फ्रीजवर एका लिफ्टचं चित्र होतं, कुठल्यातरी जाहिरातीतून कापलेलं. आमच्या चार मजल्यांना लिफ्ट नाही आणि दादांचे गुडघे गेलेले. "कंपनीने विचारलं ना, स्वप्न काय. मी म्हटलं, हे. तर म्हणतात, मोठं बघा. अरे, चार मजल्यांची आहे, अजून किती मोठी बघू?" असं म्हणून त्या त्या चित्रावरची धूळ पदराने पुसायच्या.

आता माझं सांगते. माझे यजमान गेले ते एका रविवारी सकाळी, चहा अर्धा टाकून. मी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, लोकांच्या कोलेस्टेरॉलच्या पावत्या फाडते, आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळलं नाही. भेटायला येणारी माणसं आठवतात. सगळे हलक्या आवाजात बोलायचे, चप्पल हळू काढायचे, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक प्रश्न असायचा जो कोणी विचारत नव्हतं. वहिनी आल्या, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि भरल्या घरात म्हणाल्या, "काय गो, पॉलिसी होती काय त्याची?"

खोलीतला पंखासुद्धा थांबला असं वाटलं. मी म्हटलं, "होती."

"बरी होती?"

"बरी होती."

"मग पोरीच्या शिक्षणाची काळजी करू नको. आणि कोणाला सांगू नको." मग जरा थांबून, "मला सांगितलंस ते चालतं."

घरभर बायका बसलेल्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हा कंपनी त्यांच्या आयुष्यात यायची होती. म्हणजे हा प्रश्न त्यांनी धंद्यासाठी विचारलेला नव्हता, तो त्यांचा मूळ स्वभाव होता. कंपनीने फक्त त्याला ब्लेझर चढवला.

त्यानंतरच्या दोन संक्रांती मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत काहीच झालं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू असतं. सेक्रेटरीबाई, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको, कोणाचं कधी ते ठरवून देतात. जिन्यावर बांगड्या वाजतात, नव्या साड्यांची सळसळ होते, आणि माझ्या दारापाशी आवाज एकदम खाली येतो. बायका वाईट नव्हत्या. मला वाईट वाटू नये म्हणून त्या कुजबुजत जायच्या, आणि त्या कुजबुजीचंच जास्त वाईट वाटायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. तळमजल्यावरच्या काकू, त्यांचे यजमान जाऊन जन्म लोटला, त्या तर त्या संध्याकाळी दिवाच लावायच्या नाहीत, जाणाऱ्या-येणाऱ्यांना अवघड वाटू नये म्हणून. मला सगळ्याच बायका आपली समजायच्या, पण सणाच्या दिवशी नाही. मी आणि काकू याबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही.

तिसऱ्या संक्रांतीला दाराची बेल वाजली. बाहेर ब्लेझर.

"उद्या संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू. वेळेवर ये. प्रोजेक्टर भाड्याने आणलाय."

मी म्हटलं, "वहिनी, मी कशी येणार?"

"जिन्याने. लिफ्ट कुठाय?"

आणि त्या वर निघून गेल्या.

मी गेले. दारातूनच परत फिरणार होते, पण वहिनींनी मला दारातच धरलं आणि काही कळायच्या आत कपाळावर हळद आणि कुंकू टेकवलं. बोट जरा जोरात टेकलं. खोलीत पंधरावीस बायका होत्या. सेक्रेटरीबाईंच्या हातातला तिळाचा लाडू हवेतच राहिला. वहिनींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "पुढची कोण? चला, वेळ कमी आहे, स्लाइड्स बऱ्याच आहेत."

दरवर्षी अशा वेळी उखाणे होतात. एकेकीने नवऱ्याचं नाव घ्यायचं. पण त्या वर्षी वहिनींनी उखाणेच काढून टाकले होते. त्याऐवजी कंपनीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकीने उभं राहून आपली ओळख आणि आपलं स्वप्न सांगायचं होतं. जन्मभर नवऱ्याचं नाव यमकात घेणाऱ्या बायका गांगरून गेल्या. एकीने स्वप्न म्हणून मुलीचं लग्न सांगितलं, एकीने काशीयात्रा. सेक्रेटरीबाई सवयीने "चांदीच्या ताटात" एवढं म्हणून थांबल्या, कारण पुढे कुठे जायचं ते त्यांना कळेना. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मुलीला फार्मसी करायचंय." टाळ्या वाजल्या. मी खाली बसले आणि मला इतकं बरं वाटलं की त्यानंतरच्या सगळ्या स्लाइड्स मी आनंदाने पाहिल्या.

मग वाण. बायकांना वाटलं गाळणी असेल, वाटी असेल, गेला बाजार प्लास्टिकचा डबा. वहिनींनी वाण म्हणून प्रत्येकीला कंपनीचं फोल्डर दिलं. आत माहितीपत्रक, सभासदत्वाचा फॉर्म आणि एक पेन. आणि देण्याआधी त्यांनी प्रत्येक फोल्डरला हळदीकुंकू वाहिलं.

ही त्यांची चाल होती की भाबडेपणा, हे मला आजही ठरवता येत नाही. वाण परत करता येत नाही. आणि हळदीकुंकू वाहिलेली वस्तू कचऱ्यात कोण टाकणार? सगळ्या बिल्डिंगभर ती फोल्डरं देव्हाऱ्यांत जाऊन बसली. रोज सकाळी देवाला फूल वाहताना बायकांना कंपनी दिसायची. एक जण म्हणे चुकून त्यालाही फूल वाहायची. उन्हाळा येईपर्यंत सहा-सात जणींनी फी भरली, सेक्रेटरीबाई सगळ्यांत आधी. देव्हाऱ्यात ठेवलेल्या गोष्टीला किती दिवस नाही म्हणणार? माझंही फोल्डर माझ्या देव्हाऱ्यात होतं, यजमानांच्या फोटोशेजारी. पण मी सही केली नाही.

वहिनींनी मला कोमट धरलं आणि पाठपुरावा सुरू केला. लॅबमध्ये सकाळी सातला रक्त द्यायला माणसं रांगेत बसतात, सगळी उपाशी. एके दिवशी मान वर केली तर रांगेच्या मधोमध वहिनी, ब्लेझरमध्ये. "मी पण शुगर तपासायला आले," म्हणाल्या. तासाभरात त्यांनी डावीउजवीकडच्या दोघांना सभासदत्व समजावून सांगितलं. उपाशी माणूस भांडत नाही, मान हलवतो. एका आजोबांनी तर खिशातून चेकबुक काढलं, तेवढ्यात त्यांचा नंबर लागला म्हणून वाचले. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "या कोण?" "माझ्या शेजारीणबाई." "त्यांना सांगा, लोकांचं ब्लड प्रेशर वर जातंय." वहिनींचा स्वतःचा रिपोर्ट मात्र अगदी नॉर्मल आला. तो घेताना म्हणाल्या, "बघ, मला काही टेन्शन नाही. का? कंपनी."

रोज काही ना काही. दारात भाजीची वाटी आणि वाटीखाली माहितीपत्रक. मुलीच्या वाढदिवसाला कार्ड, कंपनीकडून. मी एकदा म्हटलं, "वहिनी, माझ्याकडे आहे तेवढं मुलीचं आहे. मला ते कुठे गुंतवायचं नाही, आणि कोणाला खाली आणायचं तर मुळीच नाही." त्या म्हणाल्या, "मी कुठे पैसे मागते? मी तुला संधी देते." आणि बसून राहिल्या. माझ्या घरात इतका वेळ कोणी बसलं नव्हतं, बऱ्याच दिवसांत.

खरं सांगायचं तर मला भीती कंपनीची नव्हती. पुढच्या संक्रांतीची होती. मला वाटायचं, मी नाही म्हटलं आणि गार झाले की ते बोलावणंही जाईल. एका कुंकवासाठी मुलीचे पैसे द्यायचे नव्हते, पण ते कुंकू जाऊही द्यायचं नव्हतं. मी चांगली शिकलेली बाई, आणि हा हिशोब मला सुटत नव्हता. म्हणून मी नाही म्हणायचं टाळत राहिले.

तेवढ्यात अंधेरीला कंपनीची सभा आली, आणि तिलाही मी नाही म्हटलं नाही. हॉटेलचा मोठा हॉल, कंपनीने बस केलेली. पवईच्या ट्रॅफिकमध्ये बस तासभर उभी होती आणि वहिनी उभ्या बसमध्ये टाळ्यांचा सराव करून घेत होत्या. हॉलमध्ये गाणी, धूर, रंगीत दिवे. सूट घातलेला एक तरुण स्टेजवर धावत आला. त्याला सगळे सर म्हणत होते. त्याने आम्हाला उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं, शेजाऱ्याच्या हातावर टाळी द्यायला लावली. मग दिवे मंद झाले, आवाज खाली आला, आणि तो म्हणाला, "आपल्यात एक ताई आहेत. ज्यांनी आयुष्याचा जोडीदार गमावलाय."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. त्यांनीच सांगितलेलं होतं, दुसरं कोण सांगणार? मला स्टेजवर नेलं. दिव्यात काही दिसत नव्हतं. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "विचार करा. या ताईंच्या पतींनी वेळेवर एक निर्णय घेतला असता, एक कव्हर घेतलं असतं, तर आज या माउलीला कोणापुढे हात पसरावा लागला असता का?"

अंगाची लाही लाही झाली. मी कधी कोणापुढे हात पसरला? चहा अर्धा टाकून गेलेला माझा नवरा, त्याला हा पोरगा शेकडो लोकांसमोर बेजबाबदार ठरवत होता.

आणि मग अंधारातून आवाज आला. "होती हो त्याची पॉलिसी!"

सर थांबले. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. "बरी होती. त्याच्यावरच चाललंय तिचं. पोरगी फार्मसी करतेय. कोणापुढे काय हात पसरते? माहीत नाही तर बोलू नका ना!"

सर हसून म्हणाले, "मॅडम, मुद्दा असा आहे की..."

"मुद्दा गेला खड्ड्यात. मेलेल्या माणसाचं खोटं सांगू नये."

हॉलमध्ये हशा पिकला. मला खाली पाठवलं, आणि गाणं पुन्हा मोठ्याने लावलं. येताना बसमध्ये वहिनींच्या वरच्या एक मॅडम त्यांना झापत होत्या. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "थँक्यू, वहिनी." त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मग सही करतेस?"

बिल्डिंगच्या जिन्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, मी शेवटी स्पष्ट सांगितलं. "नाही, वहिनी. कधीच नाही. मला पुन्हा विचारू नका." त्या कठड्याला धरून उभ्या होत्या, धापा टाकत. ब्लेझरची बटणं काढली आणि एकेक पायरी वर गेल्या. त्यानंतर भाजीची वाटी आली नाही. दिवाळीला मला मेसेज आला, दिव्यांचं चित्र आणि खाली कंपनीचं नाव. मी गार झाले होते.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत कंपनी गेली. अंधेरीच्या ऑफिसला कुलूप लागलं, सरांचा फोन बंद, वरच्या मॅडमनी ग्रुप सोडला. त्या एका दिवसात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या देव्हाऱ्यांतून फोल्डरं बाहेर आली. हळदीकुंकवाचं काय करायचं हा प्रश्न होताच, म्हणून बायकांनी ती पुढच्या गणपतीच्या निर्माल्याबरोबर तलावात सोडायची असं ठरवून पिशवीत भरून ठेवली. सेक्रेटरीबाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये वहिनींना सगळ्यांसमोर चोर म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, "तू माझ्या खाली होतीस, मी कोणाच्या तरी खाली होते. माझं पण गेलं ना गो!" ते खरं होतं. पण त्या घरी येऊन मालवणी मसाला कुटायला बसल्या आणि फी भरलेल्या प्रत्येकीला दर महिन्याला एक पाकीट द्यायचं त्यांनी ठरवलं, फी फिटेपर्यंत. बहुतेकींनी कुरकुरत घेतलं. सेक्रेटरीबाईंनी पाकीट दारातच ठेवून दिलं.

संक्रांत आली. सेक्रेटरीबाईंनी नेहमीप्रमाणे दिवस वाटून दिले आणि वहिनींना एकही दिला नाही. पहिल्या दिवशी जिन्यावर बांगड्या वाजल्या आणि माझ्या दाराशी आवाज खाली आला. मी रिमोट उचलला. मला हे अपेक्षितच होतं, तरी टीव्हीचा आवाज जरा जास्तच वाढवला. एकदा मिळालेलं परत जातं तेव्हा न मिळण्यापेक्षा जास्त लागतं.

दोन दिवसांनी बेल वाजली.

"आज माझ्याकडे हळदीकुंकू. ये." ब्लेझर नव्हता. साध्या साडीत वहिनी बुटक्या वाटत होत्या.

मी गेले तर हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली, ताटात तिळगूळ रचलेला, आणि दादा कोपऱ्यात लसूण सोलत बसलेले. दुसरं कोणी नव्हतं. दादांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे कोणी येणार नाही. वहिनींनी मला हळदीकुंकू लावलं, पुन्हा तसंच जोरात. मग वाण दिलं. "ह्या वेळी वाटी आहे. रिकामी आहे, बघून घे."

मी वाटी घेतली आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं. "वहिनी, खरं सांगा. गेल्या वर्षी मला बोलावलंत ते कंपनीसाठी ना?"

"मग काय तर!" वहिनी म्हणाल्या. "मीटिंगला माणसं कमी पडत होती. आणि तुझ्याकडे पॉलिसीचे पैसे. बिल्डिंगमधली सगळ्यात गरम तूच होतीस. मला काय ठाऊक तू अशी निघशील?"

"आणि आज?"

त्या जरा विचारात पडल्या. "आज? आज बोलावलं असंच. तू येशील असं वाटलं."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तीन वर्षं सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं होतं. गिऱ्हाईक म्हणून पाहणाऱ्या ह्या एकट्याच निघाल्या. मी इतरांसारखीच एक बाई आहे, जिला टोपी घालता येईल, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. त्याचं मला किती बरं वाटलं ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना काहीच कळलं नाही.

मी निघताना म्हटलं, "वहिनी, रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू आहे. या."

दादांच्या हातातली लसूण थांबली. मीही थांबले, कारण हे मी आधी ठरवलं नव्हतं. विधवेने हळदीकुंकू करायचं म्हणजे कोणाला बोलवायचं? कोण येणार?

वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र खूप दिवसांनी ते जुनं तेज आलं. "किती जणी येणार?"

"तुम्ही."

"एकटी मी? म्हणजे पहिली मी." त्यांनी बोटं मोजली. "मग माझ्याखाली दोन आल्या पाहिजेत. मी आणते."

"वहिनी, जबरदस्ती नको."

"जबरदस्ती कोण करतं? मी संधी देते."

रथसप्तमीला मी लग्नातला करंडा कपाटातून काढला, घासला, कुंकू भरलं. चहाच्या गाळण्या आणून ठेवल्या. संध्याकाळ झाली. जिन्यावर बांगड्या वाजल्या आणि मी सवयीने रिमोटकडे पाहिलं. मग बेल वाजली.

दारात वहिनी, काळ्या ब्लेझरमध्ये, धापा टाकत. त्यांच्या मागे तळमजल्यावरच्या काकू, कठड्याला धरून, नव्या साडीवर घडीच्या रेघा अजून तशाच. आणि काकूंच्या मागे, हातात मसाल्याचं पाकीट घेऊन, भिंतीकडे बघत सेक्रेटरीबाई.

"ह्या माझ्या खालच्या," वहिनी म्हणाल्या. "हिच्याकडे मी रोज सकाळी जाऊन बसले. शेवटी मसाला पण घेतला आणि आली पण."

मी आधी वहिनींना लावलं. मग काकूंना. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि उघडायला खूप वेळ लावला. मग मी करंडा घेऊन सेक्रेटरीबाईंसमोर उभी राहिले. त्यांच्या कपाळावर त्यांचं स्वतःचं मोठं कुंकू होतं. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग जिन्याकडे. माझं बोट मध्येच थांबलं. दयेने लावून घेणार असतील तर नको, असंही मनात आलं.

मागून वहिनींचा आवाज आला. "विचार करायला वेळ देऊ नको गो. माणूस जातो. लाव."

सेक्रेटरीबाईंना हसू फुटलं आणि हसता हसता त्यांची मान खाली झाली. मी लावलं. बोट जरा जोरातच टेकलं.